विटाळ आणि जंतू : एका युक्तिवादाची चिकित्सा

अस्पृश्यतेचे उघड समर्थन करण्याची सोय आता उरलेली नाही. म्हणून ते विज्ञानाच्या आडोशाने केले जाते. विटाळ हे आपल्या पूर्वजांचे आरोग्यशास्त्रच होते. त्यांना जंतू दिसले नव्हते, पण जंतूंचा धोका कळला होता. मेलेली गुरे ओढणारे आणि घाण उपसणारे लोक रोग पसरवतील म्हणून त्यांना गावाबाहेर ठेवले, असा हा युक्तिवाद आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीत माणसे एकमेकांपासून अंतर राखू लागली, तेव्हा सोवळ्याओवळ्याची थोरवी पुन्हा गायली गेली. असे बोलणारे सगळेच सनातनी नसतात. त्यांत शिकलेले, सुसंस्कृत, प्रसंगी स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही असतात. म्हणून हा युक्तिवाद विज्ञानाच्याच कसोटीवर तपासून पाहिला पाहिजे.

जंतूचे काही नियम आहेत. पटकीचा जिवाणू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. क्षयाचा जिवाणू खोकल्यातून हवेत येतो. देवीचा विषाणू श्वासातून आणि फोडांतून पसरत असे. यांपैकी एकही सावलीतून पसरत नाही. रोगी बरा झाला की तो मोकळा होतो; विटाळाला मात्र बरे होणे ठाऊक नाही, तो आईच्या पोटातूनच येतो आणि मेल्यावर स्मशानातही वेगळी जागा मागतो. आणि गुरे ओढण्यामुळेच माणूस अस्पृश्य होत असेल, तर ते काम सोडून शाळामास्तर झालेला महार स्पृश्य का झाला नाही? ढोराने कमावलेल्या कातड्याची मोट सवर्णांच्या विहिरीत खुशाल उतरत होती. कातडे चालले, कातडे कमावणारा चालला नाही. ज्याला भीती जंतूची आहे, तो असा भेद करणार नाही.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा महाडला मिळतो. १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जिवाणू दाखवून दिला. त्या तळ्यात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. पाण्याचे पावित्र्य आणि पाण्याची स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. यानंतर ४३ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर मुसलमानांना आणि ख्रिश्चनांना मज्जाव नव्हता. गुरेढोरेही तिथे पाणी पीत होती. तरीही अस्पृश्यांच्या ओंजळीने तळे बाटले. मग ते शुद्ध करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी मंत्रघोषात त्यात रित्या करण्यात आल्या. ज्या पाण्यात शेण पडले ते पाणी पिण्यास अयोग्य, असे आरोग्यशास्त्र सांगते. महाडच्या शुद्धिकर्त्यांनी तेच शेण पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी वापरले. पुढे ते न्यायालयात गेले, तिथेही त्यांनी तळ्याची मालकी आणि जुनी वहिवाट पुढे केली. १९३७ साली हायकोर्टात ती वहिवाट टिकली नाही. आरोग्यशास्त्राचे नाव नंतर आले, वकिलीसाठी आले.

विटाळ रोगाच्या आड येतो, असेही नाही. कित्येकदा तो रोगनिवारणाच्याच आड आला आहे. १९व्या शतकात देवीची लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून काढून दुसऱ्याच्या दंडात टोचली जाई. हिंदुस्थानात ठिकठिकाणी वरिष्ठ जातींनी या पद्धतीला हरकत घेतली. खालच्या जातीच्या मुलाच्या अंगातली लस आपल्या मुलाच्या अंगात नको होती. देवीने मूल गेले तरी चालेल, पण विटाळ नको, असा याचा अर्थ होतो.

आपल्या वाङ्मयीन स्मृतीचीही हीच तऱ्हा आहे. पुण्याचा प्लेग म्हटले की मराठी वाचकाला रँडचा जुलूम आणि २२ जून १८९७ आठवतो. तो जुलूम खोटा नव्हता. पण त्याच वर्षीचा १० मार्च किती जणांना आठवतो? त्या दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले, असे त्यांची चरित्रे सांगतात. उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात हे सिमाँने १८९८ साली कराचीत दाखवले. म्हणजे त्या वेळी रोगाची वाट डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हती. धोका मात्र सर्वांना दिसत होता. जिथे रोग नव्हता तिथे समाज स्पर्शाला भीत होता. जिथे रोग होता तिथे ही बाई स्पर्शाला भ्याली नाही. प्लेगचे मराठी साहित्य या घटनेपासून सुरू झाले असते तर ते निराळे झाले असते.

आता थोडे आपल्याच बाजूविषयी. आपल्या सभांतून ‘जंतूला जात नसते’ हे वाक्य टाळ्या घेते. ते खरे आहे, पण अर्धेच. जंतूला जात नसते, पण तो ज्या वाटेने येतो ती वाट जातीने आखलेली असते. पाणवठा कुणाचा, गटार कुणाच्या दारातून वाहते, एका खोलीत किती माणसे निजतात, हे जंतू ठरवत नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तरीही गटारात उतरणारी माणसे बहुतेक त्याच जातींतली राहिली. गावाची घाण त्यांनी उचलावी आणि तिचा रोगही त्यांनीच सोसावा, ही जुनी वाटणी चालूच आहे. गावाने पटकीला मरीआई म्हटले, तिचे ठाणे महारवाड्यात ठेवले आणि साथीत तिचा गाडा शिवेबाहेर लोटला. शिवेबाहेर कोण राहत होते, हे सांगायला नको.

तेव्हा विटाळाने रोग अडवला नाही. त्याने रोग कुणी सोसायचा एवढेच ठरवले. आरोग्यशास्त्राचे पहिले सूत्र स्वच्छ पाणी सर्वांना मिळावे हे आहे, आणि ती मागणी या महाराष्ट्रात ज्यांनी ओंजळ भरून केली, त्यांच्यावर दगडकाठ्या चालल्या. पूर्वजांच्या विज्ञानाचा गौरव करणाऱ्यांनी आधी त्या ओंजळीचा हिशेब द्यावा.