सुटी उदाहरणे आणि एम्बेडेड प्रोग्रॅमिंगचे अध्यापन : एक चिकित्सा

आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांत ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर मोठ्या प्रमाणावर मुहम्मद अली माझिदी व जॅनिस गिलिस्पी माझिदी यांच्या पाठ्यपुस्तकाच्या आधारे शिकविला गेला. लहान व स्वयंपूर्ण उदाहरणे ही या पुस्तकाची पद्धती होय. दहा-पंधरा ओळींची आज्ञावली, एक पोर्ट, एक परिणाम. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या मर्यादेचा विचार केला आहे.

तिचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. एलईडी लागला नाही तर दोष तारेत, क्रिस्टलमध्ये की आज्ञावलीत, हे चिप सांगत नाही. उदाहरण लहान असले की संशयाची जागाही लहान होते. सीरिअल संदेशवहनाचेच पाहा. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने व पुन्हा ३२ ने भागिले असता २८,८०० येतात. त्यास ३ ने भागिले की ९६०० बॉड. म्हणून टायमरमध्ये उणे ३ भरावयाचे. क्रिस्टलचा आकडा असा विचित्र का, हे चार ओळींत उलगडते. (१२ मेगाहर्ट्झ घेऊन हाच भागाकार विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा.)

परंतु प्रत्येक उदाहरण संपूर्ण चिप आपल्याच मालकीची समजते. विलंबाच्या उदाहरणात प्रोसेसर रिकामी आवर्तने मोजत बसतो आणि तेथे ते निर्दोषच असते. तोच पाव सेकंदाचा विलंब सीरिअल ग्रहणाच्या उदाहरणाला जोडला, तर तेवढ्या वेळात ९६०० बॉडने सुमारे २४० अक्षरे येऊ शकतात. ग्रहणाचे रजिस्टर मात्र एकच बाइट राखते. दोन्ही उदाहरणे बरोबर, बेरीज चुकीची. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत काम करावयाच्या नियंत्रकाला संवेदक वाचणे, मोटर चालविणे व संदेश घेणे ही कामे एकत्रच करावी लागतात.

हा दोष पुस्तकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यातील इंटरप्टच्या प्रकरणात एका पोर्टवरील माहिती दुसऱ्या पोर्टकडे सतत पाठवीत असतानाच चौरस तरंग निर्माण करणारे उदाहरण आहे. २००५ मध्ये आलेल्या आर्डुइनोच्या संचातही 'ब्लिंक'बरोबर 'ब्लिंक विदाउट डिले' आहे. तेथे प्रोसेसर थांबून राहत नाही, घड्याळ पाहून पुढे जातो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या चिठ्ठीवर एकच कार्य लिहिण्याची आपली सवय या उदाहरणांना मागे ढकलते. यादीतील शेवटची दोन प्रात्यक्षिके नवी न देता, आधीच्या कोणत्याही दोहोंची जोडणी म्हणून द्यावीत आणि जोडताना काय बिघडले याच्या लेखी नोंदीस गुण ठेवावेत.