वेगळी चूल : ग्नोम डू आणि डॉकी

संगणकावर एखादा प्रोग्रॅम सुरू करण्याच्या दोन रीती आहेत. एक नाव घेऊन, दुसरी बघून. मुरबाडच्या एसटी स्थानकात टोकावड्याला जाणारा प्रवासी हेच करतो. तो चौकशीच्या खिडकीशी गावाचे नाव सांगतो, किंवा उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या पाहत फिरतो. खिडकीत नेमके उत्तर मिळते, पण नाव सांगता आले पाहिजे. गाड्या पाहत फिरणाऱ्याला विचारावे लागत नाही, मात्र उभी असेल तीच गाडी त्याला दिसते. लिनक्स या मुक्त प्रणालीवर ही दोन्ही कामे काही काळ एकच प्रोग्रॅम करीत होता, नंतर त्याचे दोन झाले. या दोन्हींचा विकास आता थांबला आहे. तरीही त्या वाटणीचे परीक्षण करावेसे आम्हाला वाटते, कारण शाळेच्या संगणकावर मुलांपुढे काय ठेवावे हा प्रश्न शिक्षकांपुढे आजही आहे.

नाव घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रॅमला लाँचर म्हणतात. डेव्हिड सीगल यांनी 2007 मध्ये ग्नोम डू हा लाँचर सुरू केला. दोन कळा दाबल्या की पडद्यावर एक चौकट येई. दोन-तीन अक्षरे टंकित करताच डू प्रोग्रॅम, फाइल किंवा ओळखीच्या व्यक्तीचे नाव सुचवी. शेजारच्या चौकटीत त्या वस्तूचे काय करायचे ते निवडायचे : उघडायचे, पाठवायचे, हलवायचे. आधी नाम, मग क्रियापद. शिवाय आपण काय वारंवार निवडतो ते डू लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी तेच आधी सुचवी.

2009 मध्ये डूच्या 0.8 या आवृत्तीत डॉकी आला. पडद्याच्या कडेला चिन्हांची पट्टी, म्हणजे डॉक. तो डूचाच एक पेहराव होता. पट्टीही तीच, टंकित करण्याची चौकटही त्याच पट्टीत. यातला एक गुण आमच्या मते फार मोलाचा होता. डूला जी सवय ठाऊक होती तिच्या आधारे वारंवार लागणारी चिन्हे पट्टीवर आपोआप येत. खिडकीतल्या माणसाने दिवसभर लोक कुठल्या गावाची चौकशी करतात ते पाहावे आणि तीच गाडी समोर आणून लावावी, तसे हे होते.

2010 मध्ये डॉकीची दुसरी आवृत्ती स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून आली आणि चुली वेगळ्या झाल्या. ही वाटणी फारशी भांडणतंटा न होता कशी झाली, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक छोटी मजकुराची फाइल असते. तीत त्याचे नाव, निरनिराळ्या भाषांतली नावे, चिन्ह आणि तो सुरू करण्याची आज्ञा लिहिलेली असते. ही फाइल ना डूच्या मालकीची, ना डॉकीच्या. स्थानकाचे वेळापत्रक जसे खिडकीचेही नसते आणि पाटीचेही नसते. सामाईक माहिती आधीच घराबाहेर ठेवलेली होती म्हणून घर वाटता आले. जी माहिती डूच्या पोटात होती, म्हणजे वापराची सवय, ती मात्र डॉकीला मिळाली नाही. स्वतंत्र डॉकीत चिन्हे आपणच बसवायची. हा तोटा त्या काळी कुणाला मोठा वाटला नसेल, आम्हाला वाटतो.

फायदे मात्र खरे होते. दोन प्रोग्रॅम म्हणजे दोन वेगळ्या प्रक्रिया, त्यामुळे एक कोसळला तरी दुसरा चालू राहतो. ज्याला पट्टी नको त्याने नुसता डू घ्यावा. डॉकीच्या पट्ट्या एकाहून अधिक कडांना लावता येऊ लागल्या, आणि डूला हाक मारणारे एक चिन्ह पट्टीवर ठेवण्याची सोयही राहिली. पण टोकावड्यासारख्या गावात शाळेला मिळालेला संगणक बहुधा जुना असतो, आणि तिथे हिशेब उलटा होतो. दोन्ही प्रोग्रॅम सी-शार्प भाषेत लिहिलेले. ते चालवायला मोनो नावाची यंत्रणा लागे. एकत्र असताना ती एकदाच स्मृतीत येई. वेगळे झाल्यावर दोघांनाही आपापली मोनो चालवावी लागली. काही भाग दोघांत वाटून घेतला जातो, पण प्रत्येकाची चालू माहिती वेगळी जागा अडवतेच. म्हणजे दोन्ही हवे असणाऱ्याला वाटणी महागच पडली. त्यातच डॉकीला पडद्यावरील दृश्य-परिणामांची सोय चालू असावी लागे, ती जुन्या यंत्राला जड जाते.

त्याच मंडळींनी पुढे प्लँक नावाचा साधा डॉक व्हाला या भाषेत लिहिला. त्याला मोनो लागत नाही. एलिमेंटरी या लिनक्स वितरणाने अनेक वर्षे तोच वापरला. वाटणीचे खरे चीज तिथे झाले असे आमचे मत आहे, कारण लाँचरला धक्का न लावता डॉक नव्याने लिहिता आला.

आता आमच्या वर्गाकडे वळू. ठाकूर-कातकरी वाड्यांवरून येणाऱ्या पाचवी-सहावीच्या मुलाला इंग्रजी अक्षरे जुळवून प्रोग्रॅमचे नाव टंकित कर म्हणणे म्हणजे त्याला खिडकीबाहेरच उभे ठेवणे होय. नावे मराठीत असली तरी कळफलक आधी देवनागरीत बदलावा लागतो. त्याला डॉक हवा, तोही पाच-सहा चिन्हांचा. नववीच्या मुलीला, जिच्याकडे आता वीस फाइली आहेत, लाँचर अधिक उपयोगी पडेल. दोघांना एकाच यंत्रावर वेगवेगळी सोय देता येणे ही वाटणीचीच देणगी.

एक तक्रार मात्र उरते. डॉक स्वतःही दोन कामे एकत्र करतो. तेच चिन्ह प्रोग्रॅम सुरू करते आणि तेच चिन्ह तो चालू असल्याचे सांगते. फरक काय तो खालच्या एका ठिपक्याचा. 'प्रोग्रॅम उघडा' आणि 'उघडलेल्या प्रोग्रॅमकडे जा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शिकवताना तो ठिपका फळ्यावर मोठा काढून दाखवावा लागतो. त्याही कामांची वाटणी केलेली पट्टी, डावीकडे सुरू करायचे आणि उजवीकडे चालू असलेले, नवशिक्यांसाठी अधिक बरी ठरेल असे आम्हाला वाटते.