उंदीर, एरंडेल आणि पेरूचा पाला

जुलाब लागले की पेरूच्या कोवळ्या पानांचा काढा द्यावा, हा उपाय आपल्याकडे पुष्कळ घरांत ठाऊक आहे. अशा औषधी पाल्यांच्या अर्काची परीक्षा घेणारे शोधनिबंधही पुष्कळ निघतात. त्यांतल्या एका ठरावीक चाचणीचा आपण येथे विचार करू.

उपाशी ठेवलेल्या उंदरांना अर्क पाजतात, थोड्या वेळाने एरंडेल देतात आणि पुढचे काही तास किती वेळा पातळ विष्ठा पडली ते मोजतात. तुलनेसाठी एका गटाला नुसते पाणी, दुसऱ्याला लोपेरामाइड हे औषध. तुलनेचे गट ठेवणे, अर्काची मात्रा पायरीपायरीने वाढवणे, हे सारे योग्यच आहे.

पण या उंदराला जुलाब कशाने झाले? एरंडेलातून सुटणारे रिसिनोलेइक आम्ल आतड्याच्या स्नायूंना चेतवते. कॉलऱ्यात मात्र जंतूंचे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते. आतड्याची हालचाल मंद करणारा कोणताही पदार्थ उंदराच्या चाचणीत उत्तीर्ण होईल. लोपेरामाइड तेच करते, आणि तरी ते तान्ह्या मुलांना देत नाहीत. आतड्याची हालचालच बंद पडण्याचा धोका असतो. शिवाय, घरी आपण पाण्यातला काढा पितो आणि प्रयोगात अनेकदा मिथेनॉलमधला अर्क असतो. दोन्हींत उतरणारी द्रव्ये सारखी नसतात.

याहून नेमका प्रश्न विचारता येतो. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी २०१० साली पेरूच्या पानांचा काढाच तपासला. काढ्यामुळे कॉलऱ्याच्या विषाची निर्मिती घटली आणि काही जंतूंचे पेशींना चिकटणे व आत शिरणे कमी झाले. ई. कोलायच्या उष्णतेला टिकणाऱ्या विषावर मात्र परिणाम झाला नाही, हेही त्यांनी नोंदवले. कोठे गुण आला नाही हे सांगणारा निबंध आम्हांला अधिक विश्वासाचा वाटतो. अर्थात ही परीक्षा काचपात्रातली, रुग्णावरची नव्हे.

रुग्णाच्या बाबतीत कसोटी वेगळीच आहे. मूल दगावते ते शरीरातले पाणी व क्षार गेल्याने. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने द्यायला लावले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना त्याच्या जोडीला जस्ताची शिफारस करते. तेव्हा पाल्याने सिद्ध करायचे ते हे, की द्रावण आणि जस्त दिल्यावरही त्याच्यामुळे काही जास्त लाभ होतो.

विद्यार्थ्याने असा प्रकल्प आणला तर त्याला नाउमेद करू नये. जुलाब कोणत्या कारणाचे, अर्क कशातला आणि तुलना कशाशी, एवढे मात्र जरूर विचारावे.