मोडलेल्या वस्तीची वंशावळ

नाशिकला गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी ज्या वह्या सांभाळलेल्या असतात, त्या मराठी कुलेतिहासाचा एक मोठा आधार आहेत. यजमान आला, स्नान-श्राद्ध झाले, की उपाध्याय त्याच्या गावाची वही काढतो, वडील, आजे, पणजे, भाऊबंद यांची नावे वाचून दाखवतो आणि नवी नावे लिहून घेतो. जुनी पाने मोडीत, अलीकडची बाळबोधीत. विसाव्या शतकात मराठीत छापले गेलेले कुलवृत्तांत अशा नोंदींवाचून उभे राहणे कठीण होते. मात्र या वहीत नाव लागण्याची एक पूर्वअट आहे. तीर्थाशी प्रतिष्ठेने जाता आले पाहिजे. ज्या शहरात या वह्या लिहिल्या जात होत्या, त्याच शहरात 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. तो काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. ऑक्टोबर 1935 मध्ये याच जिल्ह्यातील येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

दलित आत्मकथनांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर ‘पूर्वजांचा शोध’ हा शब्दप्रयोगच तपासून घ्यावा लागतो. गावातल्या महाराचा पूर्वज कागदोपत्री अजिबात सापडत नाही, असे नाही. तो वतनाच्या दप्तरात सापडतो. महारकी वंशपरंपरागत असल्यामुळे कोणाचा हिस्सा कोणाकडे गेला, हे सरकारला ठाऊक असणे भाग होते. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट होईपर्यंत ही नोंद कोणत्या ना कोणत्या रूपात चालू राहिली. म्हणजे ज्या नात्याने तो बांधलेला होता, त्याच नात्याने त्याचे नाव टिकले. ते नाते तोडून तो मुंबईला आला आणि कुठल्याशा गल्लीत झोपडे घालून राहिला. तेथे त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’चे (1978) शीर्षक या दृष्टीने फार बोलके आहे. बलुते हा वारशाने मिळणारा वाटा. पण पुस्तकाचा मोठा भाग व्यापला आहे तो कावाखान्याने, म्हणजे वारशाने न मिळालेल्या जागेने. गावच्या घराण्याची कथा सांगू पाहणारे निवेदन पुन्हा पुन्हा नागपाड्याच्या त्या दाटीकडे ओढले जाते. कावाखान्यातली माणसे तिथे वंशक्रमाने येत नाहीत, शेजाराच्या क्रमाने येतात: कोण कोणाच्या भिंतीला भिंत लावून राहत होते, कोण काय काम करीत होते, चिंध्या-कागद वेचायला जाणाऱ्या बायका कोणत्या. हा क्रम कुलवृत्तांताचा नव्हे. उपाध्यायाच्या वहीत बाई बहुधा कोणाची तरी आई किंवा पत्नी म्हणून येते. येथे ती आपल्या कष्टाने आणि आपल्या शिव्यांनी ओळखली जाते.

याच नागपाड्यावर त्याआधी एकदा सरकारी हातोडा फिरलेला होता. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा ट्रस्टने ज्या दाट वस्त्या पाडायला घेतल्या, त्यांत नागपाडा आरंभीच होता. त्या पाडापाडीची कागदपत्रे विपुल आहेत. त्यांत घरांची मापे आहेत, हवा-उजेडाचा हिशेब आहे, भरपाई मागणारे मालक आहेत. भाडोत्री आहे तो केवळ संख्येने.

बाबूराव बागुलांची गोष्ट याहून अवघड आहे, आणि अधिक महत्त्वाची. नाशिकजवळच्या विहितगावी 1930 मध्ये जन्मलेला हा लेखक बालपणीच मुंबईच्या माटुंगा लेबर कॅम्पात आला आणि 2008 मध्ये नाशिकलाच वारला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेल्या नायकाला जात विचारली जाते, तेव्हा तो उत्तरादाखल आपण मुंबईचे असल्याचे सांगतो. समीक्षेने या उत्तराकडे बहुतेक वेळा बचावाची युक्ती म्हणून पाहिले. ते त्याहून जास्त आहे. ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाला ‘मी कुठला’ हे उत्तर देणे म्हणजे वंशाच्या जागी पत्ता ठेवणे होय. पूर्वजांचे नाव उच्चारणे ज्याला मार खाण्याचे कारण ठरते, त्याने शहराला पूर्वज केले आहे. कथेचा शेवट हा पत्ता पुरेसा नसल्याचे सिद्ध करतो; वंश हुडकून काढला जातो आणि मार बसतो. पूर्वज शोधणारा नेहमी वारसच असतो असे नाही. शत्रूही तोच शोध घेतो, आणि बहुधा अधिक चिकाटीने.

म्हणून वस्ती मोडणे ही केवळ निवाऱ्याची हानी नाही. पत्त्यावर उभी केलेली जी एकमेव स्वनिर्मित कुळी, तीच तेथे पुसली जाते. मे 1976 मध्ये ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून लोकांना चिता कॅम्पात नेण्यात आले. 1981 च्या पावसाळ्यात पदपथावरील झोपड्या हटवण्याची जी मोहीम निघाली, तिचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये दिला: उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो, पण पदपथावर राहण्याचा हक्क नाही. पुढे पुनर्वसनासाठी 1 जानेवारी 1995 आणि नंतर 1 जानेवारी 2000 अशा पात्रतेच्या तारखा आल्या, तेव्हा झोपडीत वही नसली तरी पिशवी आली: मतदार यादीचा उतारा, शिधापत्रिका, फोटोपास. तेथे ‘आजा कोण’ असे कोणी विचारीत नाही; ‘त्या तारखेला तुम्ही येथे होतात काय’ एवढेच विचारले जाते. वंशावळीची खोली त्या एका तारखेइतकी.

नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (1993) हे या पोकळीला दिलेले एक ठोस उत्तर आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझरहून येसकरकी झुगारून मुंबई गाठणाऱ्या बापाने मुलाच्या आग्रहाखातर स्वतः लिहून काढलेल्या आठवणी हा त्याचा पाया. उपाध्यायाच्या वहीत यजमान वंशजांसाठी नाव लिहितो; येथे वंशजाने पूर्वजाच्या हाती लेखणी दिली आहे. पण या पुस्तकाची चढती रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पुढच्या पिढीचे यश ठाऊक असल्यामुळे वस्ती तेथे पायरी होते, आणि पायरीवर मागे राहिलेले शेजारी हळूहळू निवेदनाच्या बाहेर जातात. ‘बलुतं’मध्ये ही सोय नाही. तेथे निवेदक दगडू आणि दया असा दुभंगलेला असल्याने वर गेलेला आणि मागे राहिलेला यांच्यातला खटला मिटतच नाही.

दलित आत्मकथनांना ‘दस्तऐवज’ म्हणण्याची प्रथा मराठी समीक्षेत रुळली आहे. त्या शब्दात गौरव कमी आणि कलामूल्याबाबतचा संकोच अधिक. अन्य कोणताही दस्तऐवज शिल्लक नसताना हा शब्द वेगळ्या वजनाने वापरावा लागेल, हे खरे. पण त्यात दुसरा धोका आहे. मोडलेल्या गल्लीतला आपला आजा शोधायला कोणी या पुस्तकांकडे आला, तर त्याला आजा सापडणार नाही. आजाच्या भिंतीपलीकडचा माणूस सापडेल. मिशेल फूको यांनी 1971 च्या नीत्शेवरील निबंधात वंशशोधाला उगमाच्या पूजेपासून तोडून विखुरण्याच्या नोंदीशी जोडले. कावाखान्याच्या वाचकाला ही भेदरेषा तत्त्वज्ञानातून शिकावी लागत नाही. बागुलांच्या ‘मरण स्वस्त होत आहे’ (1969) या संग्रहातील पात्रे तर बहुतेक मागचापुढचा धागा न ठेवता येतात आणि जातात. त्यांना कुळी नाही, ही त्या कथांची उणीव मानणाऱ्यांनी वही कोणाच्या घरी असते हे आधी पाहायला हवे होते.