रुचिभेद आणि पंक्तिप्रपंच

एकाच उपाहारगृहांत एकाच आठवड्यांत जाऊन आलेलीं दोन सुशिक्षित माणसें जेव्हां परस्परविरुद्ध साक्ष देतात, तेव्हां ऐकणाऱ्याची मोठी पंचाईत होते. एक म्हणतो, "असें जिवंत ठिकाण उभ्या शहरांत दुसरें नाहीं." दुसरा म्हणतो, "पुन्हा त्या पायरीवर पाऊल ठेवणार नाहीं." दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नसतो, दोघांनीं पदार्थही तेच मागविलेले असतात आणि पैसेही सारखेच मोजलेले असतात. अशा वेळीं ऐकणारा बहुधा दोन सोप्या वाटांपैकीं एक धरतो. "ज्याची त्याची आवड" असें म्हणून तो प्रश्न मिटवितो, किंवा हल्लींच्या प्रथेप्रमाणें दोन्ही मतांना गुण देऊन त्यांची सरासरी काढतो. एकानें पांचपैकीं पांच गुण दिले, दुसऱ्यानें एक दिला, सरासरी तीन! पण तीन गुणांचा अनुभव तर कोणालाच आलेला नव्हता. ज्या मध्यम प्रतीच्या घराचें वर्णन ह्या आकड्यानें केलें, तें घर पृथ्वीच्या पाठीवर अस्तित्वांतच नाहीं.

आमच्या मतें ह्या दोन्ही वाटा टीकाकाराच्या नव्हेत. मतभेद मिटविणें हें टीकेचें काम नसून, तो कशांतून उत्पन्न झाला हें दाखविणें तिचें काम आहे. उपाहारगृहासारखा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु काव्यनाटकांवर मत देणारीं माणसें समाजांत थोडीं असतात. उपाहारगृहांवर मात्र आज घरोघर टीका होते. जी टीका सर्वच करतात, ती कशी करावी याचा विचार अप्रस्तुत ठरूं नये.

उदाहरणादाखल मुंबईंतील एक सुप्रसिद्ध ठिकाण घेऊं. कुलाब्याच्या ज्या रस्त्याला शहीद भगतसिंग यांचें नांव दिलेलें असूनही लोक अद्याप 'कॉजवे' म्हणतात, त्या रस्त्यावर 'लिओपोल्ड कॅफे' आहे. इराणी परंपरेंतल्या ह्या घराचें स्थापनावर्ष १८७१ असें सांगितलें जातें. खालीं भोजनाचीं टेबलें आणि वरच्या मजल्यावर बार, अशी तेथील रचना आहे. ह्या घराविषयीं ऐकूं येणारीं मतें दोन टोकांचीं असतात. एका पक्षाला तेथील गजबज हेंच मुख्य पक्वान्न वाटतें: देशोदेशींचे प्रवासी, शेजारच्या टेबलाशीं सहज जमणारी ओळख, पेल्यांचा किणकिणाट आणि मध्यरात्र उलटेपर्यंत न ओसरणारा उत्साह. दुसऱ्या पक्षाला तीच गजबज म्हणजे निव्वळ कोलाहल वाटतो; दर जड वाटतात आणि निवांतपणा कोठें सांपडत नाहीं.

ह्या विरोधाचें पहिलें कारण असें कीं, ज्याला आपण एक घर समजतों तीं वस्तुतः एका छपराखालचीं दोन घरें असतात. एक जेवणाचें घर आणि दुसरें पिण्याचें. दोघांचे स्वभाव भिन्न. जेवणाला स्वस्थता लागते. पिण्याला गोंगाट मानवतो. ही केवळ आमची कल्पना नव्हे. फ्रान्समधील बारमध्यें केलेला एक प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत संगीताचा आवाज ७२ डेसिबेलवरून ८८ डेसिबेलपर्यंत चढविला, तेव्हां बिअर पिणाऱ्यांनीं पेले लवकर रिकामे केले आणि अधिक मागविले. उलट, २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका संशोधनांत, कानांवर मोठा आवाज पडत असतांना खाणाऱ्याला पदार्थांतील मीठ आणि गोडी कमी जाणवते, असें आढळून आलें. शिवाय सभोंवतीं आवाज वाढला कीं मनुष्य नकळत आपलाही आवाज चढवितो, हें लोम्बार्ड नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १९११ सालींच नमूद केलें होतें. म्हणजे प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर मात करूं पाहतें आणि सर्व मिळून तो कल्लोळ उभा करतात, ज्याबद्दल सर्वच तक्रार करतात.

आतां त्या दोन साक्षीदारांकडे पाहावें. आचाऱ्यानें दोघांच्याही ताटांत मीठ सारखेंच घातलें होतें. परंतु जो दुपारीं तीन वाजतां गेला त्याला तें लागलें, आणि जो शनिवारीं रात्रीं दहा वाजतां गेला त्याला सर्व अळणी वाटलें. रात्रीं आनंद लुटून आलेला तिसरा कोणी असेल, तर तो मिठासाठीं गेलाच नव्हता. येथें घराकडे दोष येत नाहीं. भजनाच्या मंडपांत पुस्तक वाचावयास बसणाऱ्यानें टाळांवर रागावण्यांत अर्थ नाहीं.

दुसरें कारण गिऱ्हाईक बरोबर घेऊन येतें, तें म्हणजे त्याची अपेक्षा. २००३ सालीं ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची 'शांताराम' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लिओपोल्ड हें खाण्याचें ठिकाण न राहतां कादंबरींतील एक स्थळ झालें. तुरुंगांतून पळालेला नायक आणि भूमिगत जगांतलीं माणसें जेथें भेटतात, तें टेबल शोधीत वाचक तेथें येऊं लागले. पुढें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहशतवाद्यांनीं ह्याच घरांत गोळीबार केला. त्यांत गिऱ्हाइकें मेलीं, तसे सेवकही मेले. अवघ्या कांहीं दिवसांत मालकांनीं दार पुन्हा उघडलें आणि गोळ्यांच्या खुणा बुजविल्या नाहींत. तेव्हांपासून ह्या दाराशीं तीन प्रकारचीं माणसें येतात: भूक लागलेलीं, कादंबरी वाचलेलीं आणि भिंतीवरील खूण पाहूं इच्छिणारीं. पहिल्या प्रकारचा मनुष्य पदार्थाचें मोल पदार्थानेंच करतो, म्हणून त्याला दर जड वाटतो. इतर दोघे जें विकत घेतात तें ताटांत वाढलेलें नसतें. त्या भिंतीखालीं बसून कोणी हास्यविनोद करतो आणि कोणाच्या घशाखालीं घास उतरत नाहीं. तरी दोघांच्या बिलाची रक्कम तीच.

ह्याच रस्त्यावर, रीगल चित्रपटगृहाच्या बाजूला, १९३२ सालापासूनचें 'कॅफे मोंडेगार' आहे. त्याच्या भिंतींवर गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचीं मोठमोठीं चित्रें आहेत. मिरांडांच्या गर्दीचा विशेष असा कीं, तींत गर्दी दिसते पण जमाव दिसत नाहीं. शंभर माणसें एके ठिकाणीं दाटलेलीं असलीं तरी कोणी हसतो आहे, कोणी कंटाळला आहे, कोणी दुसऱ्याच्या बशींत डोकावतो आहे. एका क्षणाचे, एका जागेचे इतके अनुभव त्या चित्रकारानें एकाच भिंतीवर नांदविले आणि त्यांची सरासरी काढली नाहीं. उपाहारगृहावर लिहिणाऱ्यानें धडा घ्यावा तो येथें.

तिसरें कारण हिशेबाचें आहे. उपाहारगृह चहा विकतें, जेवण विकतें, मद्य विकतें असें आपण म्हणतों. परंतु तें मुख्यतः खुर्ची विकतें. सायंकाळचे गर्दीचे तीन तास धरले, तर पाऊण तासांत उठणारीं चार गिऱ्हाइकें एका खुर्चीवर बसूं शकतात. तीन तास बसणारें एकच. महागड्या भाड्याच्या वस्तींत मालकाच्या मनांत हें गणित सतत चालूं असतें आणि वेटरच्या पावलांत तें उतरतें. ज्याला त्या गणितानें उठविलें तो रागावतो. आणि ज्याला बसूं दिलें तो आयुष्यभर कृतज्ञ राहतो.

बसूं देण्यांतून काय निपजतें याचें उत्तम उदाहरणही ह्याच दक्षिण मुंबईंत घडलें. काळा घोडा चौकांतील 'वेसाइड इन' ह्या उपाहारगृहांत कवि अरुण कोलटकर वर्षानुवर्षें बसत असत. तेथून दिसणारा चौक, त्यांतील झाडणाऱ्या बायका, भटकीं कुत्रीं, फूटपाथवर इडली खाणारीं माणसें, हें सर्व २००४ सालीं, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या 'काळा घोडा पोएम्स' ह्या इंग्रजी काव्यसंग्रहांत आलें आहे. शहराच्या तळच्या थरांतील माणसांना इतक्या ममतेनें आणि इतक्या थट्टेखोर डोळ्यांनीं पाहणारें पुस्तक घाईंत लिहून होत नाहीं. त्याला एक खुर्ची आणि न संपणारी दुपार लागते. तें उपाहारगृह आज उरलेलें नाहीं. त्याच्या जमाखर्चांत त्या खुर्चीची किंमत किती मांडली गेली असेल कोण जाणे. मराठी आणि इंग्रजी वाङ्मयाच्या जमाखर्चांत मात्र ती मोठी आहे. तथापि प्रत्येक मालकानें प्रत्येकाला कोलटकर समजून बसूं द्यावें, असा आग्रह धरतां येणार नाहीं. लवकर उठावें लागेल हें आधीं सांगितलें आणि सर्वांना सारखें सांगितलें, तर तेंही न्याय्यच होय.

'सर्वांना सारखें' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण चौथें कारण तेथूनच सुरू होतें. आतांपर्यंतचीं कारणें रुचीचीं, वेळेचीं आणि हिशेबाचीं होतीं. परंतु दोन गिऱ्हाइकांचे अनुभव भिन्न होण्याचें आणखी एक कारण असतें: घरानेंच त्यांना भिन्न लेखलेलें असतें. ह्याला आपल्या भाषेंत फार नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतींत एकाच्या भातावर तुपाची धार धरावी आणि शेजारच्याला नुसतें वरण वाढून पुढें जावें, ह्या वर्तनाला आपल्या पूर्वजांनीं दोष मानलें. त्याच पूर्वजांनीं किती माणसांना पंगतीला मुळींच बसूं दिलें नाहीं, हेंही विसरतां कामा नये.

आजचा पंक्तिप्रपंच तुपानें होत नाहीं. गोऱ्या प्रवाशाला खिडकीजवळचें टेबल तत्काळ मिळतें आणि त्याच्या आधीं आलेलें कुटुंब दाराशीं ताटकळतें. इंग्रजींत मागणी केली तर वेटर लवून ऐकतो, मराठींत केली तर "काय?" असें तुटकपणें विचारतो. एकटी आलेली स्त्री बारच्या बाजूस बसली, तर चार नजरा तिच्याकडे वळतात आणि त्यांतली एक घराच्या सेवकाची असते. अमुक एका घराचा हा दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कोणत्याही भरभराटलेल्या घरांत तो शिरूं शकतो. आणि त्याचें खापर एकट्या वेटरवर फोडणें हा दुसरा पंक्तिप्रपंच होईल. ज्याच्याकडे एका वेळीं दहा टेबलें सोंपविलीं आहेत, तो बक्षिशीचा अंदाज घेऊनच धांवणार. "ए, इकडे ये" असें ओरडणाऱ्या गिऱ्हाइकानेंही आपण कोणता आदर पेरला याचा विचार करावा.

हा प्रश्न शिष्टाचारापुरता नाहीं. मुंबईच्या इराण्याचें ह्या शहरावर जें ऋण आहे, तें त्याच्या मस्कापावाचें तितकें नाहीं जितकें त्याच्या संगमरवरी टेबलाचें आहे. त्या टेबलाशीं गिरणीकामगार बसे, कारकून बसे, विद्यार्थी बसे. गल्ल्यावरचा मालक पैसे मागे. जात विचारीत नसे. नियमांच्या पाट्या भिंतीवर असत, पण त्या सर्वांसाठीं असत. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं जी राज्यघटना अमलांत आली, जिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तिच्या पंधराव्या अनुच्छेदानें हें तत्त्व साऱ्या देशासाठीं लिहून ठेवलें. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें आणि करमणुकीचीं ठिकाणें यांत जाण्यास मज्जाव करतां येणार नाहीं. देशाच्या मूळ कायद्यांत उपाहारगृहाचा नांवानें उल्लेख करावा लागला, ह्यांत आपल्या समाजाचा केवढा इतिहास सामावलेला आहे!

परंतु कायदा दार उघडूं शकतो. आंत गेल्यावर कोणत्या चेहऱ्यानें स्वागत व्हावें हें तो ठरवूं शकत नाहीं. कायद्याचा अधिकार जेथें संपतो तेथून टीकेचा अधिकार सुरू होतो. म्हणून उपाहारगृहाविषयीं मत देणाऱ्यानें पदार्थाच्या चवीबरोबर आपण किती वाजतां गेलों, कोणाबरोबर गेलों, काय शोधीत गेलों, आणि आपल्या मागून आलेल्याला आपल्या आधीं वाढलें गेलें कीं काय, हें सांगितलें पाहिजे. मग दोन साक्षी परस्परविरुद्ध असल्या तरी वाचकाला दोन्ही उपयोगी पडतील. ज्याला गजबज हवी तो एका साक्षीवरून जाईल. ज्याला निवांतपणा हवा तो दुसरीवरून दुपारची वेळ निवडील.

आणि ज्याला त्या घराची खरी योग्यता जाणून घ्यावयाची असेल, त्यानें मोठ्या पाहुण्याची साक्ष काढूं नये. त्याला सर्वत्रच चांगलें वाढतात. कोपऱ्यांतल्या टेबलावर एकटें बसून एकच चहा मागविणाऱ्या, साध्या कपड्यांतल्या माणसाला विचारावें. त्याला आवाज फार वाटला, दर जड वाटला, तर तो रुचिभेद. त्याची नोंद करावी आणि पुढें जावें. परंतु आपण येथें नको होतों असें त्याला वाटलें असेल, तर इतर शंभरांनीं दिलेली शाबासकी त्या घराच्या कांहीं कामाची नाहीं.