सुलोचनाबाईंची लावणी

सुसंस्कृत घरांत लावणीचा विषय निघाला कीं दोन पक्ष पडतात. एक तिला ग्राम्य ठरवून दार लावून घेतो. दुसरा ‘लोककला’ या भारदस्त नांवाखालीं तिचें सरसकट गुणगान करतो. गाणें ऐकण्याचे श्रम दोघांनाहि नकोत. कै. सुलोचनाबाई चव्हाण (१९३३–२०२२) यांच्या लावण्यांवर या दोन्ही पक्षांनीं अन्याय केला आहे, असें आमचें मत आहे.

आमच्या लहानपणीं लातुरास सिद्धेश्वराच्या यात्रेंत कर्ण्यांतून ‘सोळावं वरीस धोक्याचं’ ऐकूं येई. तेंच गाणें घरीं रेडिओवर लागलें म्हणजे वडील माणसें आवाज कमी करीत. बंद मात्र करीत नसत. या अर्ध्या संकोचाचें कारण काय, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षांनीं सुचला.

उत्तर बाईंच्या कंठांत आहे. आरंभीं त्यांनीं सुलोचना कदम या नांवानें हिंदी चित्रपटांत गायन केलें. ‘ढोलक’ (१९५१) मधील त्यांचें गाणें जाणकारांच्या स्मरणांत आहे. तेथलें मार्दव घेऊनच त्या लावणीकडे आल्या, आणि पति श्यामराव चव्हाण यांच्याकडून शब्दाचा ठसका शिकल्या. ‘रंगल्या रात्री अशा’ (१९६२), ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) व ‘मल्हारी मार्तंड’ (१९६५) या चित्रपटांतील वसंत पवारांच्या चालींनीं त्यांचें नांव घरोघर गेलें. आचार्य अत्र्यांनीं त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलें.

‘कसं काय पाटील बरं हाय का’ पाहा. खेबूडकरांचा प्रश्न क्षेमकुशलाचा. उपरोध शब्दांत जेमतेम, स्वरांत पुरा. ‘फड सांभाळ’ मध्यें माडगूळकरांनीं तुऱ्याला आलेल्या उसावर यौवनाचा श्लेष साधला आहे. दुसरी एकादी गायिका तो डोळा मिचकावल्यासारखा गाईल. बाई शब्द स्वच्छ उच्चारून पुढें जातात आणि दुसरा अर्थ श्रोत्याच्या स्वाधीन करतात. मंचावरहि त्या डोक्यावर पदर घेऊन गात. अदा सारी आवाजांत. वडिलांना रेडिओ बंद करवत नसे तो यामुळेंच. आक्षेप घ्यावा असें गाणारीनें कांहीं केलेलें नसे. जें सुचे तें ऐकणाराच्याच मनांतलें! राजा बढे यांच्या ‘कळीदार कपुरी पान’ला तर खळ्यांच्या चालीनें बैठकीच्या लावणीचा निवांतपणा दिला आहे.

दोष नाहींत असें नाहीं. ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांत लावणीचा विस्तार आखडला. ठसका कित्येक ठिकाणीं सवयीचा होतो. होनाजीच्या लावणींतील विरहाची आर्तता या गाण्यांत क्वचितच भेटते. ती सोसण्याची शक्ति या कंठांत होती, म्हणून ही उणीव अधिक जाणवते.

पण खरा दोष आमचा आहे. या आवाजाला आम्ही माजघरापर्यंत येऊं दिलें. फडावर नाचणारीला मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवलें. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवास खंडोबाच्या यात्रेंत लावणी महोत्सव भरतो. तेथें टाळ्या देणारे आम्हींच, आणि घरीं परतल्यावर त्या कलावंतिणींचें नांव चारचौघांत घेण्यास कचरणारेहि आम्हींच. २०२२ सालीं सुलोचनाबाईंना ‘पद्मश्री’ मिळाली तेव्हां आम्हांस आनंद झाला. तो आनंद प्रामाणिक असेल, तर गाणाऱ्या कंठाला दिलेला मान नाचणाऱ्या पायांनाहि द्यावा लागेल. आणि रेडिओचा आवाज पुरा ठेवून ऐकावें लागेल.