वेदनाशामक 'जास्त वेळ टिकतं' म्हणजे नेमकं कुठे टिकतं?

संशोधनाची तयारी करताय ना? मग एक सवय आत्ताच लावून घ्या: पेपरमधलं विशेषण आधी पकडायचं. जनावरांच्या वेदनाशामकांवर वाचताना 'दीर्घकाळ टिकणारं' हे विशेषण सारखं भेटतं.

गरज खरी आहे. बोकडाचं खच्चीकरण करताना लिग्नोकेन टोचलं तर बधिरता एक-दोन तासांत ओसरते, दुखणं मात्र काही दिवस राहतं. गावात डॉक्टर रोज येत नाहीत. एका इंजेक्शनात दोन-तीन दिवस निभावले, तर मालकाचे हेलपाटे वाचतील आणि जनावराचे हालही.

पण पेपरात बहुतेक वेळा मोजलेलं असतं ते रक्तातलं प्रमाण. मेलॉक्सिकॅमचंच बघा. त्याचं हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, वासरांत सुमारे २६ तास आहे आणि दुभत्या गायीत सुमारे १७.५ तास. शेळीत ते बरंच कमी. गायीचा आकडा उचलून आपल्या धाराशिवच्या उस्मानाबादी शेळीला लावला, तर दुसऱ्या दिवशी ती दुखणं सोसत उभी असेल आणि आपल्या तक्त्यात 'आराम' लिहिलेलं असेल. शेळी दुखणं सहज दाखवतही नाही. म्हणून चारा, रवंथ, चाल, जखमेला हात लावल्यावरची प्रतिक्रिया, यातलं काय मोजलंय ते आधी शोधा.

आता दुसरी बाजू. डायक्लोफेनॅकने जनावराला आराम पडायचा, पण ते मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये हे दाखवलं, आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याच वर्षी स्वान आणि सहकाऱ्यांनी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं दाखवलं. पेपर भक्कम आहे, पण त्याचा प्रश्न गिधाड वाचतं का एवढाच होता. शेळीला किती वेळ आराम पडतो, हा नव्हता. 'सुरक्षित' वाचून 'पुरेसं' असा अर्थ आपण काढतो. ती चूक आपली.

पर्याय म्हणून आलेलं अॅसिक्लोफेनॅक तर गायीच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनतं. केटोप्रोफेनसोबत त्यावरही २०२३ मध्ये बंदी आली.

खरी अडचण इथेच आहे. औषध शरीरात जितकं जास्त टिकेल, तितका आराम लांबू शकतो; पण दुधात, मांसात आणि मेलेल्या जनावरात ते सापडण्याचा काळही लांबतो. एकाच गुणाच्या या दोन बाजू आहेत, आणि पेपर पहिलीच सांगत असेल तर तो अर्धाच आहे.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'दीर्घकाळ' लिहिणार असाल तर पुढे लगेच लिहा: कोणत्या जनावरात, काय मोजून, आणि नंतर दूध-मांसात किती दिवस. गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच स्वतःला विचारलेलं बरं.